ऐंशीवर वायर काढायची

प्रिय भिंगरे,

तुझ्या बापाचा लॅपटॉप तू मागितलास. मागच्या फोनवर, ठेवता ठेवता, बाबांचं मशीन तरी दे मला, असं म्हणालीस आणि मी हो म्हणायच्या आत फोन ठेवूनही दिलास. बरं. पण वस्तू द्यायची तर ती कशी वापरायची ते सांगून द्यावी, नाहीतर घेणारा दोन महिन्यांत तिची वाट लावतो आणि वर देणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो. फोनवर सांगितलं तर तू हं हं म्हणशील आणि तिसऱ्या मिनिटाला तुझी बस येईल. दर महिन्याच्या एक तारखेला तुझी बस बरोबर तिसऱ्या मिनिटाला येते, हे माझ्या लक्षात आलंय. म्हणून लिहिते. माझी शाळा तिसरीपर्यंतची, त्यात दुसरी दोनदा. माझ्या लिहिण्यातल्या चुका तुझा बाप काढायचा, आता काढणारं कोणी नाही, तेव्हा आहेत तशा गिळ. हे पत्र एका बैठकीत होणार नाही. चार ओळी झाल्या की माझा अंगठा आखडतो.

तर ऐक. हे मशीन दिवसभर वायर लावून चालवायचं नाही. चालतं, नाही असं नाही, पण आतली बॅटरी मरते. हे ज्ञान माझं नव्हे. आपल्या जिन्याखाली दुरुस्तीचं दुकान आहे ना, त्या बाईचं. तू तिला पाहिलंयस, चष्मा कपाळावर चढवून दुकानभर चष्मा शोधत असते. पंखा, रेडिओ, मोबाईल, काय वाटेल ते उघडून बसते आणि तोंडाने माझ्या तोडीची आहे. मी तिला विचारलं, अगं, वायर लावलेली असली म्हणजे बॅटरीला काम नाही, आराम आहे, मग ती मरेल कशाला? तर म्हणते, आजी, तुम्हाला गळ्यापर्यंत जेवायला घालून दिवसभर भिंतीला टेकवून उभं केलं तर त्याला आराम म्हणाल का? शंभर टक्के भरून तशीच ठेवली की बॅटरी ताणात राहते, वर मशीन गरम, म्हणजे दोन्हीकडून मार. नव्या मशीनमध्ये म्हणे ऐंशीवर आपोआप थांबायची सोय असते, एकदा सांगून ठेवलं की झालं. आपलं मशीन जुनं, त्याला ती अक्कल नाही, ती आपण वापरायची. कोपऱ्यात ऐंशी दिसले की वायर काढायची. चाळिसापर्यंत उतरू द्यायचं, मग पुन्हा लावायची. पार तळाला जाऊ द्यायचं नाही. आणि मशीनखाली काही मऊ घालायचं नाही, त्याचं नाक खाली असतं. मी पहिले सहा महिने त्याच्याखाली चादरीची चौघडी घालत होते, टेबलाला ओरखडे नकोत म्हणून. वरून हात लावला तर तवा. दुरुस्तीवालीने ती चादर माझ्यासमोर ओढून काढली आणि म्हणाली, ह्याला बाळंतीण समजता का तुम्ही?

आता तू म्हणशील, आजीला एवढं कळायला लागलं कधी. उशिराच कळलं. पण ते मागाहून.

तुला तुझ्या बापाचा आवाज आठवतो ना? बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून अठ्ठावीस वर्षं त्याने गाड्या पुकारल्या. भाजी घ्यायला गेला तरी भाजीवाली म्हणायची, तुम्हीच ना ते, फलाट क्रमांक चार? तू पाच वर्षांची असताना तुला वाटायचं की बाबा ओरडतात म्हणूनच गाड्या चालतात, ते गप्प बसले तर सगळ्या उभ्याच राहतील. तुझी आई नुकतीच गेली होती, तुला कोणी हसलं नाही. तो रोज कामावरून आला की तू दारात उभी राहून विचारायचीस, आज सगळ्या गेल्या का? आणि तो त्याच स्थानकाच्या आवाजात सांगायचा की शेवटची गाडी भिंगरीच्या घराकडे येऊन थांबली आहे. माझं कपाळ उठायचं. एवढ्याशा दोन खोल्यांत तो आवाज म्हणजे बादलीत घंटा वाजवल्यासारखा. हळू बोल रे मेल्या, असं मी त्याला आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल. मग त्याच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजाची पेटीसुद्धा काढली. त्यानंतर मला तसं म्हणायची पाळी आली नाही.

तू तेव्हा महिनाभर इथेच होतीस, तूच ते बोलायचं सामान ह्या मशीनमध्ये घालून दिलंस. त्याने लिहायचं आणि मशीनमधल्या बाईने वाचून दाखवायचं. तिला मी घोषणाबाई म्हणायचे. कसला तो आवाज, राग नाही, लोभ नाही, अकरा नंबरची गाडी सुटत आहे आणि तुमच्या घराला आग लागली आहे, दोन्ही एकाच चालीत. तू गेल्यावर तिची आणि माझी चांगलीच जुंपायची. मी स्वयंपाकाला लागले की मागून गंभीरपणे, आई, मीठ कमी आहे. मी म्हणायचे, तुला काय कळतं गं, तुला जीभ आहे का? तुझा बाप हसायचा. आवाज नसलेलं हसणं तू पाहिलंयस, खांदे फक्त हलतात. ऑफिसने त्याला वेळापत्रकं टाईप करायचं काम घरी दिलं. औषधांनी उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती, पेन्सिल निसटायची, मोबाईलच्या काचेवर एक अक्षर दाबायला जावं तर तीन उमटायची. म्हणून सगळं ह्या मशीनवर, डाव्या हाताच्या एका बोटाने, टक, टक, टक. काम तेच, बोलणंही तेच. तू फोन केलास की मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करायचा, लिहायचं, आणि घोषणाबाई तुझ्याशी बोलायची. सवय त्याची एकच, वाक्य पुरं झाल्याशिवाय तिला बोलू द्यायचं नाही. अर्धवट घोषणा करायची नसते, लोक चुकीच्या गाडीत चढतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून तू इतका वेळ टकटक ऐकत बसायचीस आणि मग एकदम सगळं ऐकायचीस.

बॅटरीचं त्याला पहिल्यापासून माहीत होतं. दुरुस्तीवालीने त्याला सांगितलं आणि तो नियमाचा माणूस, ऐंशी झाले की वायर काढायचा. आणि मी लावायचे. हसू नकोस. तीस वर्षं मी वसतिगृहाच्या खानावळीत वाढायचं काम केलंय, दोन वेळा तीनतीनशे ताटं. ताट अर्धं दिसलं की माझा हात आपोआप वाढायच्या डावाकडे जातो, समोरचा नको म्हणतोय की नाही हे कान ऐकतच नाहीत. अक्षरापेक्षा आकडा मला लवकर कळतो. कोपऱ्यात ऐंशी दिसायचे. मला वाटायचं, हे काय, वीस कमीच? हा विसरला असेल. मध्येच बोलणं बंद पडलं तर? तो अंघोळीला गेला की मी वायर लावून टाकायचे. तो यायचा, कोपऱ्यात शंभर बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, मी पातेल्याकडे बघायचे. एकदा घोषणाबाईकडून म्हणवलं, आई, तिचं पोट भरलंय, वाढू नकोस. मी म्हटलं, पोट भरलेलं माणूस मला दिसतं, मला शिकवू नकोस. पावणेदोन वर्षं हा खेळ चालला. तो काढायचा, मी लावायचे. भांडण असं कधी झालं नाही. त्याला काढायचा कंटाळा आला, मला लावायचा आला नाही.

पहिल्या वर्षी मशीन वायरीशिवाय दोन तास चालायचं. तो ते काखेत घेऊन घरभर फिरायचा, गॅलरीत बसून तिथून मला टोमणे मारायचा, खालच्या शिंप्याशी गॅलरीतूनच गप्पा मारायचा, शिंपी वर बघून घोषणाबाईला नमस्कार करायचा. मग तास राहिला. मग वीस मिनिटं. मग पाच. शेवटी वायर हलली तरी काळोख. चांगलं चालणारा प्लग आपल्याकडे एकच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशेजारचा, आणि वायर हातभर. म्हणजे तुझा बाप त्या हातभर वायरीच्या आतच बोलू शकायचा. खाटेवर पडला की मुका. पाणी हवं तर टाळी. उशी हवी तर टाळी. मी विचारत बसायचे, पाणी? खिडकी? गोळी? आणि तो मान हलवायचा, नाही, नाही, नाही, आणि मग सोडून द्यायचा. माणूस काय सांगायचं ते सोडून देतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. दुरुस्तीवालीने वर येऊन पाहिलं, म्हणाली, बॅटरी संपली, नवीन मागवते, ह्या जुन्या मशीनची मिळायला तीन आठवडे लागतील. वायर सारखी लावलेली असायची का, असंही विचारलं. तुझ्या बापाने टाईप केलं आणि घोषणाबाई म्हणाली, हो, माझा विसराळूपणा. मी तिथेच उभी होते, हातात झारा घेऊन. तशीच कढईकडे वळले.

दोन दिवस मी लिहिलं नाही. अंगठ्याचं कारण सांगते, पण ते खरं नाही. आता जे लिहायचंय ते लिहायला मला सात महिने लागले, दोन दिवसांचं काय घेऊन बसायचं.

बॅटरी मागवून दहाबारा दिवस झाले होते. दोन दिवसांपासून त्याला पुन्हा धाप लागत होती, तुला ते कळलं होतं. दुपारचे चार. तुझा फोन आला. मी भांडी आवरत होते. तुझ्या बापाने मोबाईल तांब्याला टेकवला आणि मला हाताने खूण केली, गच्चीवरचे कपडे आण. मी म्हटलं, आत्ता तर घातलेत. त्याने पुन्हा खूण केली, जोरात. मी बडबडत जिना चढले. कपडे ओलेच होते, मी हात लावून पाहिले, म्हटलं ह्याचं डोकं फिरलंय, आणि कोपऱ्याकोपऱ्याने चाचपत उगीच पाच मिनिटं घालवली. खाली आले तर पंखा थांबलेला. लाईट गेली होती. मशीन काळं. तुझा बाप एका हाताने मशीनची बटणं दाबतोय आणि दुसऱ्या हाताची बोटं टेबलावर आपटतोय, दार ठोठावल्यासारखी, आणि मोबाईलमधून तू, बाबा? बाबा? बाबा, बोला ना. मी फोन उचलला. तू म्हणालीस, आजी, मी बाबांना विचारलं, मी येऊ का, नोकरीचं बघू नंतर, फक्त हो किंवा नाही सांगा. ते काहीच बोलत नाहीत.

भिंगरे, लाईट गेलीय, मशीन बंद पडलंय, एवढं सांगायला मला काय जात होतं? लहान पोर सांगेल. मी ते सांगितलं नाही. मी म्हटलं, अगं, तो दमलाय, काही बोलायचं नाहीये त्याला. तू तुझं काम बघ. इथे मी आहे. तुझा बाप माझ्याकडे बघत होता आणि टेबलावर बोटं आपटत होता. मी त्याला म्हटलं, पुरे, हात दुखेल. आणि फोन ठेवला.

का, ते मी स्वतःला पुष्कळ विचारलंय. तुला दोन वर्षं वणवण करून ती पाणी तपासायची नोकरी लागली होती, लागून चारच महिने झाले होते, हे एक. त्याला धापेचे असे झटके आधी तीनदा येऊन गेले होते आणि तिन्ही वेळा मी उठवून उभा केला होता, हे दुसरं. ही दोन कारणं मी लोकांना सांगेन. तुला तिसरं सांगते. तू आलीस म्हणजे तो मरणार, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. लांबची माणसं एवढ्या तातडीने कशाला येतात ते मला माहीत आहे. तू नाही आलीस तर तसली वेळ नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. आणि अजून एक, इथे मी आहे, हे वाक्य मला फार आवडायचं. सगळ्यांचं मीच केलं, कोणाला बोलावलं नाही, ही माझी मिजास. ताट भरायची सवय तीच, दुसऱ्याला काय हवं ते त्याच्याआधी मला ठाऊक.

लाईट साडेसहाला आली. तोपर्यंत त्याचा श्वास वर लागला होता. शिंपी आणि दुरुस्तीवाली, दोघांनी खुर्चीत बसवून त्याला तीन जिने खाली उतरवलं. त्याने दारातून टेबलाकडे हात केला. मला कळलं, मशीन घे म्हणतोय. घेऊन काय करणार होते? वायरीशिवाय चालत नव्हतं, आणि दवाखान्यात त्याच्या खाटेजवळचे प्लग त्याच्या श्वासाच्या यंत्रांनी धरलेले. चार दिवस तो तिथे होता. चार दिवस बोलायला काही नाही. तो चादरीवर डावं बोट आपटायचा. टक, टक, टक, अक्षरं शोधल्यासारखं. मला वाटायचं, वेदनेने हात उडतोय. मी तो हात धरून ठेवायचे, स्वस्थ पड रे, म्हणायचे. माझ्या हातातसुद्धा त्याचं बोट हलायचं. भिंगरे, मी लिहिणारा हात धरून ठेवला होता.

तू आलीस तेव्हा सगळं उरकलं होतं. पाहुणी आल्यासारखी आलीस, पिशवीही उघडली नाहीस. टेबलाशी उभी राहून म्हणालीस, मी विचारलं होतं त्यांना, आजी. एक अक्षरसुद्धा खर्च केलं नाही त्यांनी माझ्यावर. मी तुझ्यासमोर होते. तेव्हा सांगता आलं असतं. मी तुला म्हटलं, जेवून घे. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. तू गेल्यावर पाचव्या दिवशी दुरुस्तीवाली जिन्यात भेटली, तिने नुसती मान हलवली, मला कळलं की बॅटरी आली. मी आणायला गेले नाही. सात महिने ती डबी तिच्या फळीवर पडून होती.

मग तू मशीन मागितलंस. द्यायची वस्तू धड करून द्यावी, म्हणून गेल्या मंगळवारी सकाळी मी ते काखेत मारून खाली गेले. तिने मागचं झाकण काढलं तर जुनी बॅटरी उशीसारखी फुगलेली. म्हणाली, आजी, घरात हे असं ठेवलं होतं, पेटलं असतं म्हणजे? फुगलेली दिसली की दाबायची नाही, टोचायची नाही, सरळ बंद करून माझ्याकडे आणायची. हेही तू लक्षात ठेव. मी म्हटलं, आणि तुझी ती नवी, सात महिने पडून खराब झाली असेल ना? तर नाही. कारखान्यातून निघतानाच ती अर्धी भरून पाठवतात म्हणे. पडून राहायचं असेल तर शंभर वाईट आणि शून्य त्याहून वाईट. निम्म्यावर ठेवलेली वाट बघू शकते. तिने ती बसवली, वायर न लावता बटण दाबलं आणि चष्मा शोधायला लागली. मशीन उजळलं. तुझ्या बापाने त्याला कधी कुलूप घातलं नव्हतं. बोलायची ती खिडकी आपोआप उघडली आणि एक चौकोन आला, त्यात काहीतरी विचारलं होतं. चष्म्याशिवाय तिने हो दाबलं.

आता ऐक, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलंय, बॅटरीचं मी फोनवरही सांगितलं असतं. लाईट गेली तेव्हा तुझ्या बापाने जे लिहीत आणलं होतं ते मशीनने सांभाळून ठेवलं होतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. घोषणाबाई बोलली, त्याच चालीत, चार नंबरच्या फलाटासारखी: ये. आजीला सांगू नकोस मी बोलावलं म्हणून, ती म्हणेल कशाला पोरीची धावपळ. मी तिला गच्चीवर पाठवलंय. पण तू ये. मला तुझ्याशी. एवढंच. तुझ्याशी म्हणाली आणि थांबली. दुरुस्तीवालीने पुन्हा ऐकवू का असं विचारलं नाही, मशीन माझ्याकडे वळवलं आणि पाठ करून स्क्रू गोळा करत बसली. मी ते अक्षर अक्षर लावून स्वतः वाचलं, दोनदा. तुझ्याशीच्या पुढे काही नाही, ती रेघ नुसती उघडमीट करते. पुढे काय होतं ते मला ठाऊक नाही आणि मी अंदाजही करणार नाही. त्याच्या वतीने एकदा बोलले तेवढं पुरे झालं. त्याने तुला नको म्हटलं नव्हतं. नको मी म्हटलं होतं. माफ कर असं लिहीत नाही, तो शब्द ह्याच्यापुढे तोकडा पडतो आणि तुला तो द्यावासा वाटला नाही तर मला चालेल. पण मशीन मी पाठवत नाही. खालचा शिंपी तुझ्या गावाकडे जाणार होता, त्याच्याबरोबर द्यायचं ठरलं होतं, त्याला मी काल नको म्हणून सांगितलं. न्यायला तू ये. नाहीच आलीस तर पुढच्या वेळी तो जाईल तेव्हा देईन, अडवून ठेवणार नाही. तोवर टेबलावर ठेवलंय, खाली चादर नाही, वायर काढलेली, बरोबर पन्नासवर. रोज जाता येता माझा हात त्या वायरीकडे जातो आणि मी तो मागे घेते. आयुष्यात मी कोणाला बोलावलं नाही, जमतं का बघते. ये.

तुझीच,
वाढायची थांबलेली आजी